मतदार यादीत आपले नाव बरोबर आहे का? बीड जिल्ह्यातील कुटुंबांसाठी माहिती

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीडचा निकाल अवघ्या ६,५५३ मतांनी लागला. गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी हे सहा विधानसभा मतदारसंघ धरले तर प्रत्येकी अकराशे मतांचाही फरक पडत नाही. अशा जिल्ह्यात एका मोहल्ल्यातली पन्नास नावे गळाली तरी ती छोटी गोष्ट नसते. पण आपल्याला यादीची आठवण होते ती मतदानाच्या सकाळी, आणि तेव्हा कुणाच्याच हातात काही नसते. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत बदल होत नाही.

नाव का सापडत नाही?

आपल्याकडे नाव 'शेख सलीम शेख गफूर' असे लिहितात. यादीत मात्र नाव, वडील किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे वेगवेगळे रकाने असतात. त्यामुळे कुठे 'शेख' हेच नाव होऊन बसते. मोहम्मदचे महंमद किंवा 'मो.' होते, आधारवर 'बी' असते तर यादीत 'बेगम'. म्हणून नावाने शोधून मिळाले नाही तर लगेच 'नाव कटलं' असे समजू नका. ओळखपत्रावरच्या क्रमांकाने शोधा. १९५०वर फोन करूनही चौकशी करता येते.

कोणता अर्ज कशासाठी?

नमुना ६: नवीन नाव. आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. १७ वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींचा अर्ज आधीच भरून ठेवता येतो.

नमुना ७: नाव वगळणे. घरात कुणाचा इंतेकाल झाला असेल तर हा अर्ज घरच्यांनीच भरावा. मयताचे नाव यादीत राहिले की बोगस मतदानाचा संशय अख्ख्या मोहल्ल्यावर येतो.

नमुना ८: दुरुस्ती, पत्ता बदल किंवा नवे ओळखपत्र. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीसाठी हाच अर्ज लागतो. तिचे माहेरी नाव असताना सासरी नमुना ६ भरला तर दोन ठिकाणी नाव होते, आणि कायद्याने एकाच ठिकाणी नाव ठेवता येते. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अर्ज बीएलओकडे, तहसील कार्यालयात किंवा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर देता येतो. पोच किंवा अर्ज क्रमांक जपून ठेवा.

ऊसतोडीला गेलेल्यांचे काय?

दिवाळीच्या आसपास आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे कारखान्यांकडे जातात. बीएलओ दारात येतो तेव्हा घराला कुलूप असते. मात्र १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० स्पष्ट सांगते की तात्पुरते बाहेर गेल्याने माणूस त्या गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही. टोळी निघण्याआधी शेजारी किंवा भावकीतल्या कुणाला घरातली नावे आणि ओळखपत्र क्रमांक लिहून द्या.

कुणी आक्षेप घेतला तर?

'इथे राहत नाही' म्हणून नाव काढण्याआधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याने संबंधिताला म्हणणे मांडायची संधी द्यायलाच हवी. नोटीस आली तर घाबरून घरी बसू नका, कागद घेऊन तारखेला हजर राहा. निर्णय विरोधात गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

नगरपालिका, जिल्हा परिषदेची यादी

ही वेगळी यादी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागनिहाय फोडली जाते. राज्य निवडणूक आयोग त्यात नवीन नाव घालत नाही. चुकीच्या प्रभागात गेलेले नाव मात्र प्रारूप यादीवर हरकत घेऊन बदलून घेता येते. प्रारूप यादीच्या हरकतींची मुदत थोड्याच दिवसांची असते, तेवढी चुकवू नका.

या जुम्याला नमाजनंतर आपल्या गल्लीतल्या चार-पाच जणांनी यादी घेऊन बसावे आणि घरनिहाय नावे तपासावीत. कोण नवे, कोण सासरी गेले, कोण अल्लाहला प्यारे झाले, हे मोहल्ल्याला जितके माहीत असते तितके कुठल्याच कार्यालयाला नसते.