साडेतीन फुटांची कुळकथा

पुरुषांच्या ११० मीटर अडथळा शर्यतीची नियमावली उघडा. पहिला अडथळा १३.७२ मीटरवर, पुढचे नऊ ९.१४ मीटर अंतराने, उंची १०६.७ सेंटिमीटर. मीटरमध्ये विचार करणारा कोणीही शहाणा असे आकडे ठरवणार नाही. तेच यार्डांत मांडा, की सगळं चपखल बसतं: पंधरा यार्ड, दहा यार्ड, साडेतीन फूट. दहाव्या अडथळ्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतही मुळात पंधराच, म्हणजे एकूण १२०. हे माप व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. १८६४ साली ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पहिल्या मैदानी सामन्यात ही शर्यत झाली. १८६६ साली लंडनच्या ब्यूफोर्ट हाउसच्या मैदानावर हौशी खेळाडूंच्या पहिल्या अजिंक्यपद स्पर्धा भरल्या, त्यांतही ती होती. पुढे ऑलिंपिकने मीटर आणले, शर्यत वीतभर लांबली. अडथळे मात्र होते तिथेच राहिले.

पण साडेतीन फूटच का? माझं उत्तर: मेंढ्यांमुळे. इंग्लंडातला मेंढपाळ शेतात कळप बसवायचा तो हलत्या कुंपणात. हेझलच्या फोकांनी विणलेल्या किंवा चिरलेल्या लाकडाच्या ताट्या एका पट्ट्यातून उपटायच्या, पुढच्या पट्ट्यात रोवायच्या. लेंडीखत शेतभर पडतं. आपल्या धनगराची वाघर हेच करते, फक्त ती जाळ्याची. मेंढीला ओलांडता येऊ नये एवढी उंच, गड्याला खांद्यावर नेता यावी एवढी हलकी, अशी ताटी करायला बसलं की माप साडेतीन फुटांच्या आसपासच येतं. शर्यतीतले पहिले अडथळे म्हणजे याच ताट्या.

दुसरा पक्ष म्हणतो, हे सगळं घोड्यांकडून आलं. त्यांचा पुरावा हलका नाही. १८५० साली ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजातल्या पोरांनी घोड्यांची स्टीपलचेस पायी धावायची टूम काढली, आणि माणसांची स्टीपलचेस तिथून सुरू झाली असं मानतात. पण घोड्यांच्या हर्डल शर्यतीत तरी काय रोवत होते? मेंढवाड्याच्याच ताट्या. तेव्हा घोडा या घराण्यातला चुलता. बापाचा मान मेंढपाळाचा.

दहा यार्डांचं अंतर मात्र त्याच्या पदरात घालता येत नाही. एका अडथळ्यावरून उतरायचं, तीन पावलं टाकायची आणि पुन्हा झेपावायचं, एवढीच ती जागा. कागदावर नव्हे, धावून धावूनच ती ठरली असणार. हे आकडे यार्डांत चपखल बसणं कोणाला योगायोग वाटत असेल, तर महिलांची १०० मीटर अडथळा शर्यत पाहावी. ती ऑलिंपिकमध्ये आली १९७२ साली, मीटरच्या राज्यात. म्हणून पहिला अडथळा सरळ १३ मीटरवर आणि मधलं अंतर साडेआठ. उंची मात्र ८३.८ सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट नऊ इंच! इंच काही पिच्छा सोडत नाहीत.

१८६६ च्या त्या स्पर्धा अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबच्या. या क्लबने हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिच्यात कारागीर आणि मजूर यांना मज्जाव होता. म्हणजे ज्याने ताटी विणायची, त्याने तिच्यावरून उडी मारायची नाही. ही अट गेली ती १८८० साली, ऑक्सफर्डला अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हा.

रोवलेल्या ताटीला पाय लागला, तर ताटी ढिम्म आणि माणूस आडवा. म्हणून सुरुवातीचे गडी पाय पोटाशी घेऊन, जरा जास्तच उंच उडायचे. पुढचा पाय सरळ ताणून, धाव न मोडता पार होण्याची रीत ऑक्सफर्डच्या क्रूमने १८८६ च्या सुमारास काढली असं सांगतात; ती घोटली अमेरिकेच्या अल्विन क्रेन्झलीनने. १९०० च्या जुलैत त्याने लंडनला येऊन इंग्लंडची १२० यार्डांची स्पर्धा जिंकली. दुसरा आला कलकत्त्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड. त्याच महिन्यात पॅरिस ऑलिंपिकला २०० मीटर अडथळ्यांत पुन्हा तोच क्रम लागला. प्रिचर्डचं ते रौप्यपदक भारताचं की ब्रिटनचं, यावर अजून भांडण चालू आहे.