माणूस केंद्रस्थानी मानणारे व्यवस्थापन-शिक्षण

व्यवस्थापनशास्त्र म्हणजे केवळ नफा वाढविण्याची विद्या, असा समज आपल्या समाजात रूढ आहे. पाठ्यपुस्तकात कामगाराचा उल्लेख ‘मनुष्यबळ’ म्हणून, यंत्र व कच्चा माल यांच्या पंक्तीत होतो. या दृष्टीला पर्याय म्हणून जुलै २००७ मध्ये जिनिव्हा येथे, संयुक्त राष्ट्रसंघाच्या ‘ग्लोबल कॉम्पॅक्ट’ उपक्रमाच्या पाठिंब्याने, जबाबदार व्यवस्थापन-शिक्षणाची सहा तत्त्वे मांडण्यात आली : उद्देश, मूल्ये, पद्धती, संशोधन, भागीदारी आणि संवाद. व्यवस्थापकाचे निर्णय माणसांच्या जीवनावर कोणते परिणाम करतात, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधावे, अशी अपेक्षा त्यातून निर्माण होते.

पाहा, पारखा, कृती करा

अशा शोधाची परंपरा ख्रिस्तसभेला नवी नाही. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी १९२५ साली ‘तरुण ख्रिस्ती कामगार’ ही चळवळ उभारली. तरुणांनी कामाच्या ठिकाणची स्थिती प्रथम पाहावी, मूल्यांच्या कसोटीवर ती पारखावी व नंतर कृती करावी, अशी त्यांची पद्धत होती. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ साली ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात तिला मान्यता दिली. उद्योजकांच्या पाचारणाविषयी व्हॅटिकनच्या न्याय व शांती परिषदेने २०१२ साली काढलेल्या दस्तऐवजाची मांडणीही याच तीन पायऱ्यांवर आहे.

एक बोलका प्रयोग

अमेरिकेतील मॅरियन (व्हर्जिनिया) येथील हारवूड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातील अभ्यास लेस्टर कोच व जॉन फ्रेंच यांनी १९४८ साली प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलताना एका गटाला बदल केवळ कळविण्यात आला. इतर गटांना तो ठरविण्यात सहभाग देण्यात आला. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते सावरले नाही आणि चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार काम सोडून गेले. पूर्ण सहभाग मिळालेल्या गटांतून कोणीही गेले नाही. त्यांचे उत्पादन पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. माणसाचा मान राखणे व काम उत्तम होणे यांत विरोध नाही, हे येथे आकड्यांनीच सांगितले.

पदवीचे विद्यार्थी काय करू शकतात?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान मिळाले आहे. त्यासाठी मोठा कारखानाच हवा असे नाही. परिसरातील बेकरी, पतपेढी, रुग्णालय किंवा दुकान पुरेसे आहे. प्रश्न एकच व नेमका असावा : उदाहरणार्थ, पाळ्यांचे वेळापत्रक कोण ठरवितो आणि ते कामगारांना किती दिवस आधी कळते? मालकाची परवानगी व प्रत्येक कामगाराची संमती घ्यावी. मुलाखत वरिष्ठांसमोर घेऊ नये. अहवालात नावे देऊ नयेत. लहान आस्थापनेत केवळ हुद्द्यावरूनही माणूस ओळखता येतो, याचे भान ठेवावे. विद्यार्थ्याला मिळणाऱ्या गुणांसाठी कोणाची नोकरी धोक्यात येता कामा नये.

शेवटी निष्कर्ष मालक व कामगार या दोघांपुढेही मांडावेत. ज्यांनी आपला वेळ व विश्वास दिला, त्यांच्यापर्यंत तो अहवाल पोहोचलाच नाही, तर माणसांचा केवळ साधन म्हणून वापर करण्याचाच धडा विद्यार्थी गिरवितो. उद्या तोच विद्यार्थी व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसणार आहे. महाविद्यालये, प्राध्यापक व पालक यांनी हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.