भारतातील अल्प उत्पन्न गटातील वृद्धांचे कुपोषण

पुरेसा किंवा योग्य आहार न मिळाल्याने ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या शरीरात ऊर्जा, प्रथिने, जीवनसत्त्वे वा खनिजे यांची कमतरता निर्माण होणे, यास वृद्धांमधील कुपोषण म्हणतात. अल्प उत्पन्न गटात त्याचा धोका अधिक असतो. पोट भरत असूनही पोषण अपुरे राहू शकते, त्यामुळे ते अनेकदा लक्षात येत नाही.

व्याप्ती

मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या 'लासी' या सर्वेक्षणानुसार भारतातील सुमारे २७ टक्के वृद्धांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र उंची-वजनाची मोजमापे स्त्रियांच्या बाबतीत ४९ आणि पुरुषांच्या बाबतीत ५४ वर्षांपर्यंतच घेतली जातात.

कारणे

वयोमानानुसार ऊर्जेची गरज घटते. प्रथिनांची गरज मात्र घटत नाही. भूक, चव व गंधाची जाणीव मंदावते. दात पडल्यावर भाकरी, कडधान्ये, शेंगदाणे व कच्च्या भाज्या चावणे कठीण होते. जठरातील आम्ल कमी झाल्यास ब-१२ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. उत्पन्न तुटपुंजे असल्यास डाळ, दूध, अंडी व फळे यांवरील खर्च प्रथम कमी होतो आणि आहार तृणधान्यापुरता उरतो. औषधांचा खर्च, वैधव्य, एकटेपणा व नैराश्य यांमुळे स्थिती आणखी बिघडते.

परिणाम

स्नायू क्षीण होतात, तोल जाऊन पडण्याचा व हाड मोडण्याचा संभव वाढतो, जखमा उशिरा भरतात आणि संसर्ग बळावतात. अशक्तपणामुळे बाजारहाट व स्वयंपाक होत नाही, आहार आणखी घटतो आणि हे चक्र चालू राहते.

ओळख

नकळत घटणारे वजन, सैल होणारे कपडे व बांगड्या, तसेच ताटात उरणारे अन्न ही प्राथमिक लक्षणे होत. १८.५ पेक्षा कमी शरीर वस्तुमान निर्देशांक हा कमी वजनाचा निकष आहे. ज्यांची उंची मोजता येत नाही, त्यांच्या पोटरीचा घेर मोजतात. तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास धोका संभवतो.

शासकीय योजना

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. या हक्कात डाळी व तेल यांचा समावेश नाही. कायद्यात गर्भवती, स्तनदा माता व बालके यांच्यासाठी पोषण आहाराची तरतूद आहे. वृद्धांसाठी तशी स्वतंत्र तरतूद नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी दरमहा २०० रुपये व त्यापुढे ५०० रुपये आहे. महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील निराधारांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा लाभ मिळतो. झिजलेल्या बोटांचे ठसे रास्त भाव दुकानातील यंत्रावर न जुळणे ही वृद्धांची एक व्यावहारिक अडचण आहे.

आहार

तज्ज्ञांच्या मते निरोगी वृद्धांनी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. वरणात कुस्करलेली भाकरी, मुगाची मऊ खिचडी, ताकातील नाचणीचे आंबील, दाण्याचे कूट घातलेली पालेभाजी व उकडलेले अंडे हे चावण्यास सोपे व तुलनेने स्वस्त पदार्थ आहेत. एकाच वेळी भरपेट जेवण्यापेक्षा थोडे थोडे अनेकदा खाणे वृद्धांना सोयीचे ठरते.