विद्येचीं साधनें आणि विद्येची ओढ

शिक्षण शाळा-कॉलेजांत संपतें, ही समजूत आपल्या मध्यमवर्गांत इतकी खोल रुजलेली आहे कीं, पदवी मिळाल्यावर पुन्हां अभ्यासास बसणाऱ्या मनुष्यास 'आतां कसली परीक्षा द्यावयाची आहे?' असें सहज विचारलें जातें. न शिकणारा मनुष्य पूर्वीं साधनांच्या अभावाकडे बोट दाखवीत असे. आतां ती सोय राहिली नाहीं. नामांकित विद्यापीठांचीं व्याख्यानें खिशांतील मोबाइलवर, पुष्कळदां फुकट, ऐकावयास मिळतात. प्रस्तुत लेखकानेंही गेल्या वर्षीं खगोलशास्त्राचा असा एक अभ्यासक्रम मोठ्या उत्साहानें सुरू केला, आणि तिसऱ्या व्याख्यानानंतर तो सुटला. दोष व्याख्यात्याचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. अभ्यास सुटल्याचें कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं, आणि हीच गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

नवें साधन आलें म्हणजे विद्येची गंगा घरोघर येईल, ही आशा आजची नव्हे. १८४० सालीं ब्रिटनमध्यें एका पेनींत देशभर पत्र पोंचविणारें टपाल सुरू झालें, आणि आयझॅक पिटमन यानें त्याच टपालानें लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला. परंतु केवळ धडे पाठवून तो थांबला नाहीं. शिष्यांनीं लिहून धाडलेले पाठ तपासून परत जात. टपालाच्या दुसऱ्या टोकास कोणीतरी आपल्या उत्तराची वाट पाहत आहे, हें शिष्यास ठाऊक असे.

या लहानशा गोष्टीचें मोल किती, याचा पडताळा पुढें आपल्याच मुलुखांत आला. १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० खेड्यांत एक प्रयोग केला. कल्पना मूळची कॅनडांतील. तेथें १९४१ पासून शेतकऱ्यांचीं रेडिओ-श्रोतृमंडळें चालत होतीं. पुण्याच्या प्रयोगांत प्रत्येक गांवीं पंधरा-वीस ग्रामस्थांचें एक मंडळ स्थापिलें. आठवड्यांतून दोन वेळां अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकावयाचा, लगेच त्यावर चर्चा करावयाची, आणि निघालेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावयाचे. त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत मिळत. निरक्षर शेतकरीही या चर्चेंत बसत. असे वीस कार्यक्रम झाले.

प्रयोगाच्या परीक्षणाचें काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतें, आणि पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञानें तें मोठ्या कुशलतेनें केलें. त्यानें तीन प्रकारचीं गांवें परस्परांशीं ताडून पाहिलीं: मंडळ असलेलीं, नुसता रेडिओ असलेलीं, आणि रेडिओही नसलेलीं. मंडळाच्या गांवीं लोकांच्या माहितींत मोठी भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गांवीं मात्र ती वाढ नगण्य निघाली. यंत्र तेंच, त्यांतून येणारा आवाजही तोच. भेद एवढाच कीं, एके ठिकाणीं ऐकलेल्या गोष्टीवर बोलावयास शेजारीं माणसें बसलीं होतीं, आणि दुसरे ठिकाणीं तीं नव्हतीं.

रेडिओनंतर दूरचित्रवाणी आली. हॅरल्ड विल्सन यांनीं १९६३ च्या सप्टेंबरांत ग्लासगो येथें हवेंतून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली, तेव्हां पुष्कळांस ती हंसण्याजोगी वाटली. खाणकामगाराची कन्या असलेल्या जेनी ली या मंत्रीबाईंनीं ती चिकाटीनें तडीस नेली. १९६९ सालीं ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठास राजसनद मिळाली, व १९७१ च्या जानेवारींत सुमारें २४,००० विद्यार्थ्यांनिशीं अध्यापन सुरू झालें. प्रवेशास पूर्वपरीक्षेची अट नव्हती; शाळाशिक्षक आणि गृहिणी यांचा भरणा मोठा होता. बी.बी.सी.वरून अवेळीं होणारीं व्याख्यानें लोकांच्या डोळ्यांत भरत. परंतु विद्यापीठाचा खरा आधार निराळा होता: टपालानें जाणारे पाठ, निबंध तपासून त्यावर सविस्तर अभिप्राय देणारा शिक्षक, आणि उन्हाळ्यांतील आठवडाभराचे निवासी वर्ग. २००६ सालीं दूरचित्रवाणीवरील तीं पाठ्यव्याख्यानें बंद झालीं. विद्यापीठ मात्र चालूच आहे. नाशिक येथें १९८९ सालीं स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही याच कुळांतलें.

आतां इंटरनेटचें युग. २०११ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्डच्या अध्यापकांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम जगास खुला केला. सुमारें १,६०,००० लोकांनीं नांवें नोंदविलीं. शेवटास पोंचले वीस हजारांहून कांहींसे अधिक. ही संख्या तुच्छ नव्हे. कोणत्या व्याख्यानगृहांत इतके श्रोते बसतील? शिवाय नांव नोंदविणारा प्रत्येकजण पूर्णतेच्या निश्चयानेंच आलेला असतो, असेंही नाहीं. तथापि मधल्या वाटेंत गळालेल्यांत तळमळीचे लोक नव्हतेच, असें कोण म्हणेल? त्यांना आळशी ठरवून आपण मोकळे होतों. पण नुसता रेडिओ असलेल्या खेड्यांतील शेतकरी तरी आळशी थोडेच होते?

माझ्या मतें या इतिहासाचा बोध असा कीं, शिकण्याची ओढ हा केवळ एकट्या मनुष्याचा गुण नव्हे. ती सोबतीनें वाढते आणि एकांतांत पुष्कळदां सुकते. आपल्या घरांतून मुलांच्या अभ्यासाची चौकशी रोज होते. निवृत्त वडिलांनीं कोणता नवा विषय हातीं घेतला, किंवा संसारासाठीं शिक्षण सोडलेल्या आईस आतां काय वाचावेंसें वाटतें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. त्यांच्या हातीं नवा मोबाइल दिला कीं, आपलें कर्तव्य संपलें असें आपणांस वाटतें. त्यांनीं काय ऐकलें हें आठवड्यांतून एकदां शेजारीं बसून विचारणें, यास खर्च कांहींच नाहीं, आणि हेंच काम नेमकें राहून जातें.

खगोलशास्त्राचा तोच अभ्यासक्रम मीं पुन्हां आरंभिला आहे. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ रविवारीं सकाळीं येतात. आम्ही एक व्याख्यान ऐकतों आणि मग चहा होईपर्यंत वाद घालतों. त्यांच्या शंकांना उत्तर देतां यावें म्हणून मला शनिवारींच थोडें वाचून ठेवावें लागतें. आजपर्यंत आमचीं नऊ व्याख्यानें झालीं आहेत.