स्पेरान्स्की आणि कायद्याचे पंधरा खंड

टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'तून ज्यांना मिखाईल स्पेरान्स्की ठाऊक आहे, त्यांच्या मनात त्याचे गोरे, मांसल हात आणि कृत्रिम हास्य एवढेच उरते. राजपुत्र आंद्रेई प्रथम त्याच्या बुद्धीने भारावतो आणि विधिआयोगात व्यक्तींच्या हक्कांचे प्रकरण रचू लागतो. मग त्याला आपल्या गावचे शेतकरी आठवतात, ती कलमे तो मनातल्या मनात त्यांना लावून पाहतो आणि असले निरर्थक काम आपण केलेच कसे, याचे त्याला नवल वाटते. हा प्रसंग शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे टॉलस्टॉयच्याच बाजूने बोलत आलो. आता तसे बोलवत नाही.

कादंबरीतला स्पेरान्स्की आहे तो १८०९ सालचा. खेड्यातल्या धर्मोपदेशकाचा हा मुलगा तेव्हा पहिल्या अलेक्झांडरचा उजवा हात होता. कायदे करताना निर्वाचित सभेचा सहभाग असावा, अशी योजना त्याने झारपुढे ठेवली. तिच्यातून प्रत्यक्षात उतरली ती मुख्यतः १८१० ची राज्यपरिषद. त्याची नागरी संहिता म्हणजे नेपोलियनच्या संहितेची नक्कल, असा हल्ला इतिहासकार करमझिनने १८११ मध्ये चढवला. (आक्षेप अगदीच खोटा नव्हता.) मार्च १८१२ मध्ये स्पेरान्स्की हद्दपार झाला.

त्याचे खरे काम त्यानंतरचे. १६४९ च्या संहितेनंतर रशियात कायद्यांचे एकत्रीकरण झालेच नव्हते. हजारो परस्परविरोधी फर्मानांपैकी कोणते लागू, हे न्यायाधीशालाही सांगता येत नसे आणि फावत असे ते कारकुनांचे. १८२६ मध्ये पहिल्या निकोलसने हे काम स्पेरान्स्कीवर सोपवले, पण अट घालून: नवे काही रचायचे नाही, आहे तेच लावायचे. त्याच वर्षी डिसेंबरवाद्यांच्या खटल्यात अपराधांची प्रतवारी लावण्याचे कामही त्याच्याकडे आले. त्याच बंडखोरांनी आपल्या हंगामी सरकारसाठी त्याचे नाव योजले होते!

१८३० मध्ये जुन्या कायद्यांचा ४५ खंडांचा समग्र संग्रह निघाला. त्यात तीस हजारांहून अधिक नोंदी होत्या. त्यातून चालू कायद्यांचे १५ खंड सिद्ध झाले आणि ते १ जानेवारी १८३५ पासून लागू झाले. त्यांच्या पहिल्याच कलमात सम्राटाची सत्ता अमर्याद असल्याचे म्हटले आहे. पुढे एका कलमात साम्राज्याचा कारभार कायद्याच्या पायावर चालतो, असेही आहे. स्पेरान्स्कीने दोन्ही कलमे शेजारी नांदू दिली. १८०९ मध्ये झारला बांधू पाहणारा हा माणूस अखेर झारांच्या आज्ञा जुळवीत बसला, हे आम्हांलाही खुपते. पण आज्ञा छापली गेली की ती दाखवून वाद घालता येतो. कारकुनाच्या कपाटातल्या फर्मानाशी तो घालता येत नाही.

आंद्रेईच्या शेतकऱ्यांनाही या ग्रंथात जागा मिळाली, नवव्या खंडात. जमीनदारांचे भूदास म्हणून. ती कलमे रद्द व्हायला १८६१ साल उजाडावे लागले; स्पेरान्स्की १८३९ मध्येच वारला होता.