ताटकळणाऱ्यांची सोय

१९४६ साली लंडनच्या हीथ्रोवरून मुलकी विमानं उडू लागली, तेव्हा तिथं प्रवाशांसाठी इमारतच नव्हती. बाथ रोडच्या कडेला लष्कराचे जुने तंबू होते. आत शिरलं की फुलाफुलांच्या कापडाच्या आरामखुर्च्या, कोच, छोटी टेबलं आणि टेबलांवर फुलदाणीत ताजी फुलं. शेकोटीची सोय नसल्यामुळे हिवाळ्यात तंबूत हाडं गोठत. उन्हाळ्यात ऊन पडलं की बाजूच्या कनाती काढून ठेवत, म्हणजे वारा खेळे. विमानापर्यंत जायची वाट चिखलातून होती, म्हणून लाकडी फळ्या अंथरल्या होत्या. नव्या बुटांनी त्या फळ्यांवर तोल सांभाळत माणसं अटलांटिकपलीकडं जायला निघायची.

युद्ध नुकतंच संपलेलं, देश अजून रेशनवर जगत होता. तशातही कुणाच्या तरी मनात आलं, की जाणाऱ्या माणसाला टेकायला मऊ खुर्ची हवी आणि समोर फुलं हवीत. विमानतळावरच्या सोयीचा इतिहास मोठ्या इमारतींच्या फोटोंमधून सांगितला जातो. खरं तर तो अशा लहान लहान विचारांचा इतिहास आहे. प्रवाशाचे पाय कोरडे राहतील का, त्याला बसायला मिळेल का, किती चालावं लागेल आणि कुठं जायचं हे त्याला न विचारता कळेल का, एवढेच प्रश्न होते. त्यांची उत्तरं शोधायला मात्र अनेक दशकं गेली.

चिखल सगळीकडंच होता. मुंबईचं जुहू १९२८ साली सुरू झालं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन उतरले ते याच समुद्रकाठच्या सपाट जमिनीवर. पावसाळ्यात ती जमीन पाण्याखाली जायची. मग टाटांची ती छोटी कंपनी आपला बाडबिस्तरा आवरून पुण्याला येरवड्याच्या माळावर मुक्काम हलवी आणि पाऊस सरला की परत येई. टपालाच्या थैलीला बसायला खुर्ची लागत नाही. माणसं नियमित उडू लागली तेव्हा मात्र जमिनीकडं बघणं भाग पडलं.

पाय कोरडे ठेवण्याचं एक फार सुंदर उत्तर १९३६ साली लंडनजवळच्या गॅटविकला मिळालं. तिथली टर्मिनलची इमारत गोल होती, लोक तिला 'बीहाइव्ह' म्हणत, म्हणजे मधमाश्यांचं पोळं. तिच्यातून विमानांच्या दिशेनं कॅनव्हासचं छत असलेले बोगदे निघत. ते रुळांवर होते, दुर्बिणीच्या नळीसारखे लांब-आखूड करता यायचे. रेल्वे स्टेशनपासून इमारतीपर्यंत जमिनीखालून वाट होती. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर गाडीत बसलेला माणूस डोक्यावर पावसाचा थेंब न पडता विमानाच्या दारात पोचू शकत असे. आज ज्याला आपण एरोब्रिज म्हणतो, तो अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला १९५९ साली बसला. त्याची मूळ कल्पना गॅटविकच्या कॅनव्हासखाली वीसेक वर्षं आधीच चालून दाखवलेली होती.

गारठलेल्या माणसाची एक गोष्ट आयर्लंडची आहे. फॉइन्स या नदीमुखावरच्या गावी पाण्यावर उतरणारी 'फ्लाइंग बोट' विमानं थांबत. १९४३ च्या एका हिवाळी रात्री एक विमान वाईट हवेमुळं अर्ध्या वाटेवरून परत आलं. भिजलेले, थंडीनं कुडकुडणारे प्रवासी उपाहारगृहात शिरले आणि तिथले आचारी जो शेरिडन यांनी गरम कॉफीत आयरिश व्हिस्की घालून वर साय सोडली. आयरिश कॉफीचा जन्म तो. तिथल्याच उपाहारव्यवस्थेचे प्रमुख ब्रेंडन ओ'रेगन यांनी पुढं १९४७ मध्ये जवळच्या शॅननला जगातलं पहिलं ड्यूटी-फ्री दुकान काढलं. सुरुवातीला तो तेल भरायला थांबलेल्या विमानातल्या लोकांचा वेळ जावा म्हणून केलेला उपाय होता. आता अनेक विमानतळांवर सुरक्षा तपासणी ओलांडली की गेटकडं जाणारा रस्ता दुकानाच्या मधूनच जातो. अत्तरांच्या बाटल्यांमधून वळणं घेत जाताना म्हातारी माणसं गोंधळतात, आणि दुकानानं घेतलेली ती जागा मुळात खुर्च्यांची होती हे जाणवत राहतं.

जेट विमानं आली आणि प्रश्न बदलला. आधीच्या डकोटा विमानाच्या पंखांचा पल्ला २९ मीटर होता, बोइंग ७०७ चा ४० मीटरच्या वर गेला. एवढी विमानं शेजारी शेजारी उभी करायची तर इमारतीला लांब लांब हात फुटणारच. चाल वाढली. १९५८ साली डॅलसच्या लव्ह फील्डवर सरकता रस्ता बसवला गेला, विमानतळावरचा तो पहिला. पण मुळाशी जाऊन विचार केला तो एरो सारिनेन या वास्तुरचनाकारानं.

वॉशिंग्टनसाठी डलस विमानतळ आखायचं काम त्यांच्याकडं आलं, तेव्हा त्यांची माणसं हातात स्टॉपवॉच घेऊन वेगवेगळ्या विमानतळांवर गेली आणि प्रवासी किती चालतो, कुठं थांबतो हे मोजत बसली. त्यातून एक धाडसी कल्पना निघाली: माणूस विमानाकडं चालत कशाला जाईल, बसायची खोलीच विमानाकडं जाऊ दे. प्रचंड चाकांवर चालणारे दिवाणखाने, 'मोबाइल लाउंज', बांधले गेले. एकेकात शंभराच्या आसपास माणसं मावत, बरीचशी बसून. ही कल्पना विमान कंपन्यांना आणि सरकारला पटवण्यासाठी चार्ल्स आणि रे ईम्स या रचनाकार जोडप्यानं १९५८ मध्ये एक छोटी चित्रफीतही काढली. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं, पण सारिनेन ते बघायला नव्हते. आदल्या वर्षीच ते गेले होते.

कल्पना पुढं टिकली नाही. विमानं मोठी झाली, एका लाउंजमध्ये विमानभर माणसं मावेनात. दिवाणखान्यात बसून सगळे येईपर्यंत थांबायचं म्हणजे ताटकळणं तेच, फक्त जागा बदललेली. तरीही त्या स्टॉपवॉचची किंमत कमी होत नाही. प्रवाशाची पावलं मोजणं हे विमानतळ बांधणाऱ्याचं काम आहे, हे डलसनं शिकवलं.

आणि डलसनं, शिकागोच्या ओ'हेअरबरोबर, जगाला एक खुर्ची दिली. ईम्स जोडप्यानं या विमानतळांसाठी १९६२ मध्ये केलेली ही खुर्ची बहुतेक प्रवाशांनी वापरली आहे, नाव माहीत नसताना. चकचकीत ॲल्युमिनियमची चौकट, आणि तिच्यावर ताणून बसवलेली काळ्या रेक्झिनसारख्या कापडाची गादी. गादीवर शिवण नाही. थर उष्णतेनं एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळं धूळ आणि बिस्किटाचा चुरा अडकायला टाके नाहीत, आणि उसवायचीही भीती नाही. एक गादी फाटली तर तेवढीच बदलता येते. सगळ्या खुर्च्या एका लांब तुळईवर ओळीनं बसतात आणि पाय फक्त टोकांना. खाली मोकळी जागा राहते, तिथं प्रवाशाची बॅग सरकते आणि सफाई कामगाराचा झाडू कुठं न अडखळता फिरतो. बसणाऱ्याचा आणि झाडणाऱ्याचा एकाच वेळी विचार केलेली वस्तू विरळाच.

तिच्यात एक उणीवही आहे, आणि तिची नक्कल करणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी ती वाढवली. प्रत्येक खुर्चीला हात असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना त्याचा आधार मिळतो हे खरं, पण विमान रात्रभर अडकलं तर त्या हातांमुळं आडवं होता येत नाही. लेकराला मांडीवर घेऊन आई ताठ बसून रात्र काढते. आता काही विमानतळांनी पाय लांब करता येतील अशा कलत्या खुर्च्या ठेवल्या आहेत, त्या सगळीकडं यायला हव्यात.

कुठं जायचं हे कळणं, ही सोय सर्वांत उशिरा सुधारली. १९६७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या स्किपोलला नवी इमारत उघडली तेव्हा बेनो विसिंग यांनी पाट्यांची शिस्त लावली. विमानाकडं नेणाऱ्या पाट्या पिवळ्या. बाकीच्या सोयींच्या पाट्या हिरव्या. घाईतल्या माणसानं पिवळ्याच्या मागं जायचं, बाकी काही वाचायचं नाही. पॅरिसच्या नव्या विमानतळासाठी, जो १९७४ मध्ये सुरू झाला, आड्रियन फ्रुटिगर यांनी अक्षरंच नव्यानं घडवली. दुरून, तिरक्या कोनातून, अंधूक दिसत असतानाही अक्षर ओळखू यायला हवं, ही त्यांची अट होती. चालता चालता वाचणाऱ्याची नजर स्थिर नसते, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पुढं ती अक्षरं त्यांच्याच नावानं छापखान्यांतही गेली.

मग विमानांच्या अपहरणांचा काळ आला. अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली, जगही त्याच वाटेनं गेलं. तोवर सोडायला आलेली माणसं कुठल्याही तपासणीशिवाय थेट गेटपर्यंत जाऊ शकत होती. आता रांगा आल्या, आणि रांगेच्या भीतीनं लोक तास-दोन तास आधी येऊ लागले. थांबणं वाढलं. त्याच सुमाराला बर्नार्ड सॅडो या सामानाच्या व्यावसायिकानं सुटकेसला चाकं लावली. १९७२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढं १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं ती सुटकेस उभी करून तिला लांब दांडा दिला. प्रवाशाचे खांदे ज्यानं हलके केले, तो शोध कुठल्याही विमानतळानं लावलेला नव्हता.

वाढलेल्या थांबण्याला सर्वांत मनापासून उत्तर दिलं ते सिंगापूरनं. १९८१ मध्ये चांगी सुरू झालं. तिथं विस्तीर्ण दालनांत गालिचे अंथरले. पायांना आराम मिळतो, टाचांचा आणि चाकांचा खडखडाट गालिचा गिळून टाकतो. दमलेल्या माणसाला शांतता ही खुर्चीइतकीच हवी असते. पुढं तिथं झाडं आली, फुलपाखरांची बाग आली, २०१९ मध्ये काचेच्या घुमटाखाली ४० मीटर उंचीवरून कोसळणारा धबधबा आला. धबधब्याचे फोटो जगभर गेले. पण चांगीचं मोठेपण पायाखालच्या गालिच्यात अधिक आहे.

मुंबईत ही गोष्ट वेगळ्या अंगानं घडली. सांताक्रूझनंतर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय विमानांसाठी सहार सुरू झालं. तिथं एका प्रवाशामागं अख्खं घर यायचं. खेड, दापोली, रत्नागिरीकडून आखातात नोकरीला निघालेला मुलगा आणि त्याला पोचवायला आलेली जीपभर माणसं. विमानं बहुधा मध्यरात्री, पहाटे. तिकीट असेल त्यालाच आत प्रवेश, हा आपल्याकडचा नियम. दारातून मुलगा आत गेला की तो दिसेनासा व्हायचा, आणि बाहेरच्या माणसांना फुटपाथवर डबा सोडून उजाडेपर्यंत बसावं लागायचं.

आज तिथूनच सांगली-साताऱ्याचे आईवडील लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जातात. त्यांतले कितीतरी जण चालता येत असूनही व्हीलचेअर मागतात. पाय थकलेले नसतात, परक्या भाषेतल्या घोषणा आणि बदलावं लागणारं विमान यांची धास्ती असते. व्हीलचेअरबरोबर ढकलणारा माणूस येतो, तो योग्य गेटवर नेऊन पोचवतो. स्किपोलच्या पिवळ्या पाट्यांनी जे काम करायचं, ते इथं एक जिवंत माणूस करतो.

२०१४ साली मुंबईचं नवं टर्मिनल २ उघडलं. चालणं कमी व्हावं म्हणून त्याचा आराखडा इंग्रजी 'एक्स'च्या आकाराचा केला. आतल्या भिंतींवर देशभरातल्या हजारो कलाकृती लावल्या, त्यांची खूप चर्चा झाली. पण रचनाकारांनी त्या फुटपाथवरच्या माणसांचाही विचार केला होता. प्रस्थानाचा रस्ता रुंद ठेवला, कारण सोडायला गोतावळा येणार हे त्यांना ठाऊक होतं. आणि दर्शनी बाजूला सुमारे ५० फूट उंचीची काचेची भिंत घातली. आई व्हीलचेअरवर बसून आत जाते, चेक-इनच्या काउंटरकडं वळते, आणि बाहेर कठड्याला टेकलेला मुलगा काचेतून तिचा हिरवा पदर गर्दीत मिसळेपर्यंत बघत राहतो.