नालायक पोराचा कागद

हाँगकाँगमध्ये २०१७ पर्यंत सरकारी साहाय्यासाठी अर्ज करणाऱ्या वृद्धांच्या कागदपत्रांत एक निवेदन जोडावे लागे. वृद्ध मनुष्य मुलांपासून वेगळा राहत असेल, तर आपण त्याला पोसतो की नाही, पोसत असल्यास किती रक्कम देतो, हे मुलांनी लिहून द्यायचे आणि खाली सही करायची. कचेरीच्या लेखी ती केवळ माहिती होती. लोकांनी मात्र कँटोनीज बोलीत त्याचे नामकरण केले : 'नालायक पोराचा कागद'. साहित्य शिकवणाऱ्या आम्हांला हे नाव म्हणजे सरकारी मजकुरावरचे नेमके भाष्य वाटते. आई-बापाला दोन घास मिळावेत म्हणून मुलाने स्वतःच्या नालायकीची लेखी कबुली द्यावी, अशी वेळ एका संपन्न शहरात का यावी? उत्तर शोधायचे तर 'चिनी कुटुंब' या शब्दप्रयोगाचा तिथल्या धोरणातला इतिहास पाहावा लागतो.

मातृपितृभक्तीसाठी चिनी भाषेत 'श्याओ' हा शब्द आहे. त्याच्या लिपिचिन्हात वर 'वृद्ध' या चिन्हाचा भाग आणि खाली 'मूल' हे चिन्ह असते. या मूल्याची शिकवण देणारी 'चोवीस आदर्श पुत्रां'ची कथामालिका युआन राजवटीपासून घरोघरी पोचली. तीत गुओ जूची कथा आहे. घरात अन्न अपुरे. आजी आपल्या वाट्याचे नातवाला भरवते. म्हणून आईचे पोट भरावे यासाठी गुओ जू मुलाला पुरायला निघतो. खड्डा खणताना सोने सापडते आणि मूल वाचते. लू शुन यांनी १९२६ साली या कथामालिकेच्या सचित्र पुस्तकावर लेख लिहिला. ही गोष्ट वाचल्यावर आपले वडीलही असेच आदर्श पुत्र निघाले तर काय, या धास्तीने आपले बालपण कसे झाकोळले, हे त्यांनी तीत सांगितले आहे. या कथेत शेजारी नाहीत, गावाचे कोठार नाही, राजा नाही. भुकेचा प्रश्न घराच्या चार भिंतींतच सोडवायचा आहे, आणि त्याची किंमत घरातल्या सर्वांत दुबळ्या जिवाने द्यायची आहे.

प्रत्यक्ष चिनी समाज इतका एकाकी नव्हता. हाँगकाँगमध्येच १८७८ साली चिनी व्यापाऱ्यांनी 'पो लेउंग कुक' ही संस्था स्थापली. पळवून आणलेल्या, विकल्या गेलेल्या स्त्रिया व मुलींना आसरा देणे हे तिचे काम. संस्था त्यांना स्वगृही पाठवी, ते शक्य नसेल तर विवाह किंवा दत्तकविधान घडवून आणी. मोडलेल्या कुटुंबावर उपाय म्हणून दुसरे कुटुंब, हा या सेवेचा आराखडा. आधुनिक समाजकार्याच्या आधीचीही कुटुंबकेंद्री सेवा ती हीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९४५ साली सुमारे सहा लाख असलेली हाँगकाँगची वस्ती १९५०च्या आसपास वीस लाखांवर गेली. यादवी युद्ध आणि क्रांती यांतून निसटलेली ही माणसे होती. त्यांचे आई-बाप, भावंडे, कधी बायकामुलेही सीमेपलीकडे राहिली. १९५३च्या नाताळच्या रात्री शेक किप मेई येथील झोपडवस्तीला आग लागून पन्नास हजारांहून अधिक लोक बेघर झाले, आणि सरकारने पुनर्वसन वसाहती बांधायला घेतल्या. पाच प्रौढांमागे सुमारे १२० चौरस फुटांची एक खोली आणि सामाईक संडास, असे तिथले घर. १९५८ साली स्वतंत्र समाजकल्याण खाते निर्माण झाले.

याच खात्याच्या धोरणाची पहिली श्वेतपत्रिका १९६५ साली निघाली. गरिबी, आजारपण, वार्धक्य या चिनी परंपरेत कुटुंबाने निस्तरायच्या गोष्टी आहेत, आणि सरकारने सढळ हाताने सेवा दिल्या तर ही नैसर्गिक जबाबदारी ढिली पडेल, असा तिचा रोख होता. परंपरेचा हा हवाला ब्रिटिश वसाहतीचे सरकार देत होते, तोही अशा लोकांना, ज्यांच्या परंपरेतले घर सीमेपलीकडे राहिले होते. आम्हांला यात दांभिकतेपेक्षा सोय अधिक दिसते. कुटुंबाचा गौरव करायला तिजोरीतून काही काढावे लागत नाही. गरजूंना शिध्याऐवजी रोख साहाय्य मिळू लागले ते १९७१ साली.

कुटुंबकेंद्री सेवेची दुसरी, अधिक उदार कल्पनाही तिथे रुजली, हे नोंदवले पाहिजे. २००१ साली हाँगकाँग विद्यापीठाच्या अभ्यासगटाने कुटुंबसेवांचा फेरविचार मांडला. त्यातून २००४-०५मध्ये ६१ एकात्मिक कुटुंबसेवा केंद्रे उभी राहिली. एकाच घरातल्या कर्ज, आजार, भांडण आणि शाळा सोडलेले मूल या प्रश्नांसाठी वेगवेगळे उंबरे झिजवावे लागू नयेत, हा हेतू होता. येथे कुटुंबाला 'तुझे कर्तव्य काय' याऐवजी 'तुला काय हवे' असे विचारले जाणार होते.

पण हे घडत असतानाच, एप्रिल २००४मध्ये, तिन शुई वाय या उपनगरात मुख्य भूमीतून आलेली एक स्त्री आणि तिच्या जुळ्या मुली नवऱ्याच्या हातून मारल्या गेल्या. मरणापूर्वी तिने पोलिसांकडे आणि समाजसेवकांकडे धाव घेतली होती. घर सांधणे हेच ध्येय असेल, तर घरातून निसटू पाहणाऱ्या स्त्रीचे काय, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना. १९८६च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याची व्याप्ती २००८ साली वाढवली गेली.

त्याच २००४च्या १ जानेवारीपासून साहाय्यासाठी सात वर्षांच्या वास्तव्याची अट लागू झाली होती. पतीकडे राहण्यासाठी रीतसर परवान्यावर आलेल्या एका स्त्रीचा पती ती पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच वारला. ती निराधार झाली, आणि अटीमुळे तिचा अर्ज नाकारला गेला. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. ज्या कुटुंबाच्या आधारावर तिला प्रवेश मिळाला ते एका रात्रीत संपले. त्या कुटुंबाच्या बळावर तग धरावी ही अपेक्षा मात्र सात वर्षांची होती.

इतर चिनी समाजांनी याच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. सिंगापूरने १९९५ साली आई-वडिलांच्या पोटगीचा कायदा केला. चीनमध्ये २०१३पासून वेगळे राहणाऱ्या मुलांनी वृद्धांना वारंवार भेटावे, असे कायदाच सांगतो. तैवानने मात्र २०१०मध्ये उलटी वाट खुली केली : ज्या आई-बापाने मुलाचा छळ केला, त्याला पोसण्यातून न्यायालय मुलाला सूट देऊ शकते. 'श्याओ'ला अटी असू शकतात, हे तिथे कायद्याने मान्य केले.

हाँगकाँगमधला 'नालायक पोराचा कागद' २०१७ साली रद्द झाला. मुलांकडून मिळणाऱ्या पैशांची माहिती आता वृद्ध स्वतःच देतो. मात्र मुलांसोबत राहणाऱ्या वृद्धाने संपूर्ण घराच्या नावे अर्ज करावा, एकट्याने नाही, हा नियम त्या बदलातही कायम राहिला. त्यामुळे ज्या म्हाताऱ्याला साहाय्य हवे, त्याच्यापुढे मुलाच्या घरातून बाहेर पडण्याचा मार्ग उरतो. एकत्र कुटुंबाच्या नावाने केलेला नियम त्याला वेगळी चूल मांडायला लावतो. लू शुन यांना लहानपणी गुओ जूच्या गोष्टीतल्या सोन्याचा भरवसा वाटला नव्हता. धोरण लिहिणाऱ्यांनीही तो धरू नये, इतकेच आम्ही म्हणू.